पॅक्लिटॅक्सेल पोटातून: नॅनोकणांवर काम करतानाचा अनुभव

स्तनाच्या, अंडाशयाच्या, फुप्फुसाच्या कर्करोगात पॅक्लिटॅक्सेल हे जुनं, भरवशाचं औषध आहे. अमेरिकेत त्याला १९९२ साली मान्यता मिळाली आणि तेव्हापासून जवळपास सगळीकडे ते शिरेतूनच दिलं जातं. ते तोंडावाटे देता यावं म्हणून त्याचे नॅनोकण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण, बनवायचे, हा माझ्या पीएचडीचा विषय. विषय ऐकला की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कॅन्सरच्या गोळ्या मिळतात की, मग यात एवढं काय? मिळतात, खरंच आहे. कॅपेसिटाबिन, टेमोझोलोमाइड, मेथोट्रेक्सेट ही औषधं रुग्ण घरी घेतात. पण ती आतड्यातून बऱ्यापैकी शोषली जातात. पॅक्लिटॅक्सेल नुसतं कॅप्सूलमध्ये भरून दिलं तर त्यातलं फार थोडं रक्तात पोचतं, आणि ते किती पोचेल हे माणसागणिक बदलतं. या दुसऱ्या गोष्टीचं गांभीर्य मला काम करता करता कळत गेलं. हे लिहायला बसले ते मुख्यतः त्यासाठीच.

काम सुरू करण्याआधी माझ्या गाईड मॅडमनी एक अट घातली होती. आधी डे-केअर वॉर्डात जाऊन बसायचं, केमो कशी देतात ते नीट बघायचं, मग प्रयोगशाळेत यायचं. त्या बसण्याचा मला पुढे फार उपयोग झाला. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. एका मिलिलिटर पाण्यात एक मायक्रोग्रॅमसुद्धा नाही. म्हणून इंजेक्शनच्या बाटलीत ते क्रेमोफोर ईएल नावाच्या, एरंडेल तेलापासून बनवलेल्या दाट द्रवात आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं असतं. या क्रेमोफोरची काही जणांना तीव्र ॲलर्जी येते, त्यामुळे औषध लावण्याआधी डेक्सामेथासोन, ॲलर्जीविरोधी औषध आणि आम्ल कमी करणारं औषध द्यावं लागतं. साध्या पीव्हीसी नळीतलं प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन क्रेमोफोर ओढून घेतं, म्हणून नळी वेगळी लागते. वर नळीत बारीक छिद्रांचा फिल्टर. दर तीन आठवड्यांनी द्यायचा डोस, शरीराच्या पृष्ठफळाच्या चौरस मीटरमागे १७५ मिलिग्रॅम, तीन तास थेंबथेंब आत जातो. पहिली काही मिनिटं सिस्टर खुर्चीजवळून हलत नव्हत्या. चेहरा लाल होतोय का, दम लागतोय का, यावर त्यांची नजर असायची. एका आजींची शीर काही केल्या सापडत नव्हती. मनगटापासून कोपरापर्यंत आधीच्या सुयांचे काळेनिळे डाग होते. "सिस्टर, याची गोळी नाही का हो मिळत?" आजींनी विचारलं. मिळत नाही, एवढं सिस्टरनी सांगितलं. का मिळत नाही हे मला नीट सांगता यायला बराच अभ्यास करावा लागला.

न विरघळणं हे झालं एक कारण. जे विरघळत नाही ते आतड्याच्या भिंतीपर्यंत रेणूच्या रूपात पोचतच नाही. पावडर आली तशी पुढे निघून जाते. पण समजा विरघळलं, आणि भिंतीच्या पेशीत शिरलं, तरी तिथे पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप बसलेला असतो. आत आलेला रेणू तो परत आतड्याच्या पोकळीत फेकतो. हा पंप १९७६ साली औषधाला न जुमानणाऱ्या पेशींमध्ये पहिल्यांदा सापडला. गाठीतल्या कर्कपेशी केमोला दाद देईनाशा होतात त्यामागे बऱ्याचदा हाच पंप असतो, आणि आतड्याच्या निरोगी अस्तरातही तो जन्मतःच असतो. तो किती काम करतो हे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून स्वच्छ दिसतं. साध्या छोट्या उंदरांना तोंडावाटे दिलेल्या पॅक्लिटॅक्सेलपैकी सुमारे ११ टक्के रक्तात आलं. ज्या उंदरांमध्ये या पंपाचं जनुकच काढून टाकलं होतं त्यांच्यात ३५ टक्के. पंपातून सुटलेल्या औषधाची आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात सायटोक्रोम गटाची एंझाइमं मोडतोड करतात. न विरघळणं, पंप आणि एंझाइमं ही तिन्ही कारणं प्रत्येकाच्या शरीरात वेगवेगळ्या प्रमाणात असतात. पुढच्या सगळ्या त्रासाचं मूळ इथे आहे.

नॅनोकणांचा कर्करोगाच्या औषधांशी संबंध नवा नाही. पॅक्लिटॅक्सेल अल्ब्युमिन या प्रथिनाशी बांधून केलेले सुमारे १३० नॅनोमीटरचे (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कण २००५ पासून वापरात आहेत. त्यांना क्रेमोफोर लागत नाही आणि ते अर्ध्या तासात देऊन होतात. पण तेही शिरेतूनच. रक्तात थेट टाकलेल्या कणाला पोटातलं आम्ल, पित्त, पाचक रस, श्लेष्मा (आतड्याच्या भिंतीवरचा बुळबुळीत थर) यातलं काहीच ओलांडायचं नसतं. तोंडावाटे जाणाऱ्या कणाची परीक्षा निराळीच.

मी सुरुवात पीएलजीएच्या कणांपासून केली. पीएलजीए हा लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांपासून बनलेला पॉलिमर, म्हणजे लांब साखळीचा रेणू. शरीरात तो परत त्याच आम्लांमध्ये मोडतो, त्यामुळे सुरक्षिततेचा प्रश्न फारसा येत नाही. औषध आणि पॉलिमर ॲसिटोनमध्ये विरघळवायचे आणि ते द्रावण ढवळत्या पाण्यात थेंबथेंब सोडायचं. ॲसिटोन पाण्यात मिसळून गेला की पॉलिमरला विरघळून राहायला जागा उरत नाही आणि त्याचे बारीक कण जमतात. पाण्यात मी टीपीजीएस घालत होते. हे ई-जीवनसत्त्वाचं पाण्यात विरघळणारं रूप. ते कणांना एकमेकांना चिकटू देत नाही आणि त्या पंपालाही काही प्रमाणात आवर घालतं. कण सुंदर व्हायचे. आकार हवा तसा, सगळे जवळपास सारखे. अडचण निघाली ती वेळेची. अन्न लहान आतड्यातून साधारण तीन-चार तासांत पुढे जातं, आणि पीएलजीए औषध सोडतं दिवसेंदिवस. इंजेक्शनमध्ये हाच त्याचा गुण आहे. महिनाभर पुरणारी इंजेक्शनं त्याच जोरावर चालतात. इथे मात्र बरंचसं औषध कणात तसंच राहून बाहेर पडण्याची शक्यता होती. प्रयोगशाळेतल्या आतड्याच्या रसात औषध सुटण्याचा आलेख काढला तेव्हा रेघ कितीतरी वेळ जमिनीलगतच सरपटत राहिली. मॅडमनी आलेख बघितला आणि म्हणाल्या, "आतडं एवढं थांबणार आहे का?" तिथून आम्ही स्निग्ध पदार्थांच्या कणांकडे वळलो.

स्निग्ध कण निवडण्यामागे आणखी एक कारण होतं, आणि ते मला फार आवडतं. आपण खाल्लेली लांब साखळीची स्निग्धाम्लं आतड्याच्या पेशीत पुन्हा जोडली जातात, त्यांचे कायलोमायक्रॉन नावाचे थेंब बनतात आणि ते रक्तवाहिनीत न जाता लसिकावाहिनीत, म्हणजे लसिका हा फिकट द्रव नेणाऱ्या वेगळ्या नळीत, शिरतात. लसिका छातीतून वर जाऊन मानेच्या तळाशी शिरेत उतरते. म्हणजे या वाटेने गेलेला रेणू पहिल्या फेरीत यकृताला चुकवतो. औषध स्निग्ध पदार्थात मुरलेलं असेल तर त्यातलं काही या वाटेला लागू शकतं.

कृती ऐकायला सोपी. ग्लिसरिल बेहेनेट हा मेणासारखा घन स्निग्ध पदार्थ सत्तर अंशांच्या आसपास वितळतो. तो वितळवून थोडा आणखी तापवायचा, त्यात औषध आणि ओलिक आम्ल घालायचं, वर तेवढंच गरम केलेलं पोलोक्झामर (कणांवर आवरण धरणारा पॉलिमर) आणि टीपीजीएसचं पाणी ओतायचं आणि लगेच प्रोब सोनिकेटर, म्हणजे ध्वनिलहरींनी थेंब बारीक करणारी सळई, लावायचा. सगळं गरम असतानाच व्हायला हवं. मध्ये तापमान उतरलं की भांड्याच्या कडेला मेण धरतं आणि ती बॅच गेली. सोनिकेटर चालू केला की मिश्रण आधी घट्ट पांढरं दिसतं. हळूहळू त्याचा पांढरेपणा कमी होतो आणि भांडं उजेडासमोर धरलं की कडेला निळसर झाक येते, पाणी घालून पातळ केलेल्या दुधाला येते तशी. ही झाक आली की कण दोनशे नॅनोमीटरच्या खाली गेले असं आम्ही मशिनवर न मोजताच समजायचो. मशिनवर मोजल्यावर बहुतेक वेळा दीडशेच्या आसपास आकडा यायचा. मला मात्र आकारापेक्षा पीडीआय बघायची घाई असायची. पीडीआय म्हणजे कणांच्या आकारातला फैलाव सांगणारा आकडा, तो ०.२ च्या खाली असला की कण बऱ्यापैकी एकसारखे. फैलाव हा शब्द तेव्हापासूनच माझ्यामागे लागला होता.

ओलिक आम्ल का, ते सांगायला हवं, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. नुसत्या घन स्निग्ध पदार्थाचे कण मी आधी केले होते. ताजे असताना उत्तम. काही आठवडे शीतकपाटात ठेवल्यावर त्यातला एक थेंब ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. काळ्या पार्श्वभूमीवर चकाकणाऱ्या सुयाच सुया, काही सुट्या, काही एका बिंदूतून चौफेर फुटलेल्या. ते पॅक्लिटॅक्सेलचे स्फटिक होते. घन स्निग्ध पदार्थ थंड झाल्यावर घाईघाईत अव्यवस्थित रचला जातो आणि त्या अव्यवस्थेच्या फटींत औषधाला जागा मिळते. काळ जातो तशी रचना सावकाश नीटनेटकी होत जाते, फटी बुजतात आणि औषध बाहेर ढकललं जातं. ओलिक आम्लासारखं द्रव तेल मिसळलं की ही नीटनेटकी रचना होऊ शकत नाही आणि औषध आत टिकतं. तेल किती घालायचं याला मर्यादा आहे. जास्त झालं तर कण मऊ पडतात, एकमेकांत मिसळतात. ते प्रमाण सापडेपर्यंत माझे कितीतरी दिवस त्या सूक्ष्मदर्शकापाशी गेले.

याच स्फटिकांमुळे आणखी एका ठिकाणी डोळ्यांत तेल घालून राहावं लागतं. कणात किती टक्के औषध बसलं हे मोजताना सर्वसाधारण पद्धत अशी की मिश्रण सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, कण तळाशी बसतात, आणि वरच्या पाण्यात जे औषध सापडेल ते सुटं धरायचं. साखरेसारख्या विरघळणाऱ्या पदार्थाला हे ठीक आहे. पॅक्लिटॅक्सेल सुटं असलं तरी पाण्यात राहतच नाही. त्याचे स्फटिक कणांबरोबर तळाशी जातात आणि वरचं पाणी स्वच्छ दिसतं. आकडा ९९ टक्के येतो आणि तो खोटा असतो. म्हणून आम्ही आधी मिश्रण अशा फिल्टरमधून काढायचो ज्यातून नॅनोकण निघून जातात आणि स्फटिक अडकतात, मग गाळलेल्या मिश्रणातले कण फोडून २२७ नॅनोमीटर तरंगलांबीवर एचपीएलसी या घटक वेगळे करून मोजणाऱ्या तंत्राने औषध मोजायचो. आकडा खाली यायचा, पण त्यावर विश्वास ठेवता यायचा. छापलेल्या निबंधांत फार उंच आकडे दिसले की हे पाऊल उचललं होतं का, हे मी आता आधी शोधते.

हे सगळं काम पेशी मारणाऱ्या औषधाशी आहे हे विसरून चालत नाही. वजन करणं बंद कॅबिनेटमध्ये, हातमोजे दुहेरी, प्रत्येक टोपण आणि टिश्यू वेगळ्या पिशवीत. सर्वांत धोक्याचं रूप म्हणजे फ्रीज ड्रायरमधून निघालेली पावडर. कण टिकावेत म्हणून ट्रेहॅलोज नावाची साखर घालून ते गोठवून कोरडे करावे लागतात, आणि ती पावडर इतकी हलकी असते की बाटली उघडताना उडते.

यानंतरचा टप्पा मला सगळ्यात समृद्ध वाटला: काचेच्या भांड्यातलं पचन. आधी पोटासारखं आम्ल, पीएच १.२. केवळ विद्युतभारावर एकमेकांपासून दूर राहणारे कण इथे गोळा होतात, कारण आम्लात तो भार उरत नाही. पोलोक्झामरचं आवरण असलेले कण टिकले. मग आतड्यासारखा द्रव: पित्तक्षार, लेसिथिन, आणि स्वादुपिंडातली एंझाइमं. स्निग्ध पदार्थ पचायला लागला की स्निग्धाम्लं सुटतात आणि पीएच उतरू लागतो. तो जागेवर ठेवायला मशिन थेंबथेंब सोडियम हायड्रॉक्साइड सोडत राहतं. किती थेंब पडले यावरून पचन किती झालं ते कळतं. शेवटी एंझाइमं थांबवून सगळं जोरात फिरवायचं आणि औषध कुठल्या थरात आहे ते बघायचं. तळाच्या गाळात असेल तर ते स्फटिक झालं, म्हणजे वाया गेलं. मधल्या पाण्याच्या थरात, पित्तक्षार आणि स्निग्धाम्लांच्या मिसळलेल्या बारीक गोळ्यांमध्ये असेल, तर ते भिंतीपर्यंत जाऊ शकतं.

इथे एक गोष्ट लक्षात आली आणि मग ती डोक्यातून गेलीच नाही. पित्तक्षारांचं प्रमाण मी दोन तऱ्हांनी ठेवलं होतं: उपाशी माणसाच्या आतड्यात असतं तसं कमी, आणि जेवणानंतर असतं तसं जास्त. नुसती औषधाची पावडर घातली तर या दोन्हींतल्या विरघळण्यात मोठी तफावत. नॅनोकण घातले तर तफावत बरीच आटली. कण स्वतःबरोबर स्निग्ध पदार्थ आणि टीपीजीएस घेऊन येतो. औषध विरघळलेलं ठेवण्यासाठी तो रुग्णाच्या पित्तावर कमी अवलंबून असतो. एकूण किती विरघळलं यापेक्षा हे मला मोठं वाटलं. केमो घेणाऱ्या माणसाचं खाणं-पिणं रोज सारखं नसतंच. मळमळ, तोंडात फोड, कधी जठराचा भाग काढलेला. अशा माणसाच्या पोटात जाणारं औषध आज एक आणि उद्या वेगळंच वागलं तर डॉक्टरांनी डोस लिहायचा तरी कसा?

पेशींवरचे प्रयोग हा सबुरीचा भाग. कॅको-२ या मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून घेतलेल्या पेशी. सच्छिद्र पडद्यावर सुमारे २१ दिवस वाढवल्या की त्यांचा सलग थर तयार होतो आणि तो लहान आतड्याच्या अस्तरासारखा वागू लागतो, पी-ग्लायकोप्रोटीनच्या पंपासकट. थर सलग आहे का हे विजेचा अवरोध मोजून तपासतात. औषध वरून खाली किती जातं आणि खालून वर किती येतं, या दोन्हींची तुलना केली की पंपाचा जोर कळतो. नुसत्या औषधाचं खालून वर येणं कितीतरी जास्त होतं. कणांत घातल्यावर हे अंतर घटलं. पण या पेशींवर श्लेष्मा नसतो, आणि खऱ्या आतड्यात तर त्याचाच पहिला अडथळा. श्लेष्म्याची जाळी ऋण भाराची आणि चिकट असते. धन भाराचे कण तिला चिकटून राहतात. चिकटणारा कण चांगला की निसटून आत जाणारा, यावर या क्षेत्रात दोन तट आहेत. जस्टिन हेन्स यांच्या गटाने २००७ साली दाखवलं की पीईजी या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरचा दाट थर दिलेले २०० ते ५०० नॅनोमीटरचे कणसुद्धा ताज्या मानवी श्लेष्म्यातून झपाट्याने पुढे जातात. श्लेष्मा काही तासांत नवा होतो आणि चिकटलेलं घेऊन वाहून जातो, म्हणून माझा कल निसटणाऱ्याकडे आहे. श्लेष्मा तयार करणाऱ्या पेशी कॅको-२ बरोबर मिसळून वाढवल्यावर पोलोक्झामर आणि टीपीजीएसचं आवरण उपयोगी पडलं.

नॅनोकण पेशीत शिरले असं दाखवणारी हिरवी चमकती चित्रं पुष्कळ बघायला मिळतात. ती बनवायला कणात कौमारिन-६ सारखा चमकणारा रंग घालतात. हा रंग स्निग्ध पदार्थात सहज विरघळतो आणि कण नुसता पेशीला टेकला तरी गळून आत जातो. चमक दिसते रंगाची. कण बाहेरच असू शकतो. म्हणून आम्ही अशा जातीचा रंग वापरला जो कणात असेपर्यंत चमकतो आणि पाण्यात सुटताच विझतो. थराच्या वरच्या बाजूला चमक भरपूर होती, पेशींच्या आत थोडी, आणि खालच्या कप्प्यात जवळजवळ नाही. औषध मात्र खालच्या कप्प्यात सापडत होतं. अर्थ सरळ आहे: बहुतेक औषध भिंतीपाशी कणातून सुटून आपल्या आपण आत गेलं, अखंड कण पार गेले असतील तर फारच थोडे. कण औषधाला घेऊन भिंतीतून आरपार जातो हे चित्र आकर्षक आहे खरं, पण माझ्या प्रयोगांतून ते दिसलं नाही. औषध विरघळलेल्या अवस्थेत, पुरेशा प्रमाणात आणि दर वेळी सारखंच भिंतीपर्यंत आणून पोचवणं, हे कणाचं काम. मला ते कमी वाटत नाही.

नीतिसमितीची परवानगी मिळाल्यावर रॅट्सवर प्रयोग झाले. एका गटाला औषधाची साधी पावडर पाण्यात कालवून, दुसऱ्याला कण, तिसऱ्याला शिरेतून. ठरावीक वेळाने रक्ताचे छोटे नमुने, आणि एलसी-एमएस या अगदी थोडं औषधही टिपणाऱ्या मशिनवर मोजणी. लसिकेची वाट खरंच वापरली जाते का हे बघायला एका गटाला आधी सायक्लोहेक्सिमाइड दिलं, ज्याने कायलोमायक्रॉन बनणं थांबतं. त्या गटात शोषण घटलं, म्हणजे औषधाचा एक भाग त्या वाटेने जात होता. सरासरी शोषण कणांमुळे वाढलं होतं आणि त्याचा आनंद झालाच. पण आलेखावर मी प्रत्येक प्राण्याची रेघ वेगळी काढली तेव्हा वेगळंच दिसलं. एकाच जातीचे, एकाच वयाचे, एकाच रात्री उपाशी ठेवलेले प्राणी, तरी साध्या पावडरच्या गटात सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची रेघ यांत कित्येक पटींचं अंतर. कणांच्या गटात रेघा एकमेकींजवळ होत्या. मॅडम बराच वेळ ते दोन आलेख शेजारी शेजारी ठेवून बघत होत्या. "सरासरी मागच्या पानावर टाक," त्या म्हणाल्या, "हे पुढे घे."

केमोथेरपीत उपयोगी डोस आणि घातक डोस यांच्यातलं अंतर अरुंद असतं. पाच टक्के शोषलं जाईल असं धरून डोस ठरवला आणि एखाद्या दिवशी पंधरा टक्के शोषलं गेलं, तर त्या माणसाच्या रक्तात तिप्पट औषध गेलं. त्याचे पांढऱ्या पेशींचे काउंट कोसळतात आणि साधा संसर्ग जिवावर बेतू शकतो. ज्या औषधाचं शोषण साठ-सत्तर टक्के आहे त्यात असा तिपटीचा खेळ होऊच शकत नाही, कारण वर जायला तेवढी जागाच नाही. कमी शोषण आणि मोठा फैलाव हे जोडीने येतात, आणि म्हणून शोषण वाढवणं हेसुद्धा शेवटी फैलाव आवळण्यासाठीच हवं.

पॅक्लिटॅक्सेल तोंडावाटे देण्याचे प्रयत्न रुग्णांपर्यंत गेलेले आहेत. एका प्रयत्नात पंप रोखणारं एन्सेक्विडार हे औषध जोडीला दिलं होतं. पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या मोठ्या चाचणीत शिरेतल्या औषधापेक्षा जास्त रुग्णांच्या गाठी आकसल्या आणि हातापायांच्या मुंग्या-बधिरपणाचा त्रास कमी झाला. तरीही २०२१ साली अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने मान्यता दिली नाही. त्यांच्या चिंतेत पांढऱ्या पेशी घसरण्यामुळे होणारे दुष्परिणाम हे प्रमुख होतं. दुसऱ्या प्रयत्नात पॅक्लिटॅक्सेल स्निग्ध पदार्थांच्या मिश्रणात विरघळवून पिण्याजोगं केलं. दक्षिण कोरियात जठराच्या कर्करोगासाठी त्याला २०१६ साली मान्यता मिळाली. त्यात पंप रोखणारं वेगळं औषध नाही. माझ्या कणांचं नातं या दुसऱ्या प्रयत्नाशी जवळचं आहे.

अडथळे अजून आहेत, आणि त्यातला एक अगदी साधा, वजनाचा. कणाच्या वजनात औषध पाच टक्के धरलं, तर १०० मिलिग्रॅम औषधासाठी दोन ग्रॅम कण लागतात, वर कोरडं करताना घातलेलं ट्रेहॅलोज. नेहमी वापरतात त्यांतल्या मोठ्या कॅप्सूलमध्येसुद्धा एक ग्रॅम मावत नाही. ज्याला घास गिळवत नाही त्याच्यासमोर मूठभर कॅप्सूल ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून पाण्यात कालवून पिण्याची पुडी करायच्या मागे मी आहे. दुसरी काळजी आतड्याच्या अस्तराची. त्या पेशी सतत विभागत असतात, आणि पॅक्लिटॅक्सेल विभागणाऱ्या पेशींनाच धरतं. शोषलं न गेलेलं औषध तिथेच रेंगाळलं तर जुलाब आणि जखमा. रॅट्सच्या आतड्याचे काप आम्ही तपासले. कणांच्या गटात अस्तरावरचे बोटांसारखे बारीक उंचवटे बऱ्यापैकी शाबूत होते. पण एका डोसवरून फार बोलू नये. आठवड्यामागून आठवडे घेतल्यावर काय होतं ते बघायला हवं.

आणि रॅटला पित्ताशय नसतं. त्याचं पित्त दिवसभर सावकाश झिरपत राहतं. माणसाचं साठून राहतं आणि जेवणानंतर मोठ्या प्रमाणात येतं. म्हणजे उपाशी पोट आणि भरलं पोट यांतला जो फरक मला कणांनी आटवायचा आहे, तो रॅटमध्ये मुळातच माणसासारखा नसतो. काचेच्या भांड्यात दिसलेली गोष्ट रॅटमध्ये पक्की करता येत नाही. त्यासाठी पित्ताशय असलेला आणि पचनसंस्थेने माणसाच्या जवळचा प्राणी हवा, म्हणून पुढचा प्रस्ताव डुकरांवरच्या प्रयोगाचा लिहिला आहे. तो सध्या नीतिसमितीकडे आहे. त्यात मुख्य मोजमाप म्हणून मी सरासरी शोषण लिहिलेलं नाही. एकाच प्राण्याला कधी उपाशी, कधी खाऊ घालून, पुन्हा पुन्हा तोच डोस दिला तर रक्तातलं औषध किती कमीजास्त होतं, ते लिहिलं आहे.